दावा आणि भरपाई – लेखांक ९ : डीव्हीआर पुसला जाण्याआधी

अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात सीसीटीव्हीचे फूटेज आले की वाद मिटला, असा समज सर्रास आढळतो. पण फूटेज काय दाखवते हा प्रश्न नंतरचा. ते उरते का, हा आधीचा. त्याचा निकाल अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच लागतो आणि त्या काळात जखमी माणूस बहुधा रुग्णालयात असतो. म्हणून फूटेज जपण्याचा भार त्याच्या डोक्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ज्याच्या ताब्यात कॅमेरा आहे आणि ज्याच्याकडे तपास आहे, त्यांनी तो उचलावा. त्यांनी हयगय केली तर त्याची झळ दावेदाराला लागू नये.

फूटेज नाहीसे होण्यामागे बहुतेक वेळा कट-कारस्थान नसते. दुकानाच्या किंवा सोसायटीच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले सारे डीव्हीआरमधल्या हार्ड डिस्कवर साठते. डिस्क भरली की यंत्र सर्वांत जुने पुसून त्यावर नवे लिहू लागते. डिस्क केवढी आणि कॅमेरे किती, यावर ही मुदत ठरते. छोट्या दुकानात ती पंधरवडाभराचीही असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. दावा मुदतीत दाखल होतो, पुरावा मात्र केव्हाच गेलेला असतो. धावाधाव करणारे नातेवाईक दुकानदाराला विनवून पडद्यावरचे दृश्य मोबाइलने टिपतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून वकिलाला पाठवतात. अशा प्रतीत कोपऱ्यातली तारीख-वेळ कापली जाते, नंबर प्लेट धूसर होते आणि मूळ फाइलशी तिचे नाते सिद्ध करणे अवघड होऊन बसते. काहीच नसण्यापेक्षा ती बरी, एवढेच.

कायद्याची अपेक्षा तर याहून बरीच जास्त आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते : एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही नोंदवायची असते. फाइलमध्ये किंचित जरी फेरफार झाला तरी हा आकडा बदलतो, त्यामुळे ही अट निरर्थक नाही. पण कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून दुकानदाराने सहीच नाकारली तर? याचे उत्तर जालन्यातून निघालेल्या एका खटल्यात आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतले उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचे होते आणि वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रमाणपत्र अनिवार्यच ठरवले. पण ज्याने ते मिळवण्यासाठी हातचे सारे प्रयत्न केले, त्याच्याकडून कायदा अशक्य ते मागत नाही, असेही स्पष्ट केले. निवडणुकीच्या वादातले हे तत्त्व अपघातग्रस्ताच्या कामी यायला हवे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ नुसार दावा न्यायाधिकरणाची कार्यपद्धती संक्षिप्त आहे. तिथे एका सहीअभावी फूटेज बाजूला ठेवणे हे त्या कलमाच्या हेतूशी विसंगत ठरेल.

यावर वाहनमालक आणि विमा कंपन्यांचा एक रास्त आक्षेप येतो : फूटेज होते तिसऱ्याच माणसाच्या दुकानात, ते पुसले गेले यात आमचा काय दोष? दोष नाहीच, आणि तिथे त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढू नये. पण बसमध्ये किंवा डेपोच्या फाटकावर खुद्द वाहतूक कंपनीचाच कॅमेरा असेल, अपघाताची खबर तिला त्याच दिवशी मिळाली असेल आणि तरीही फूटेज ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येत असेल, तर गोष्ट वेगळी. हाती असलेला उत्तम पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा न्यायालयांना जुन्या पुरावा कायद्यातही होती. वाराणसीच्या हॉटेलातील मृत्यूच्या खटल्यात, टोमासो ब्रुनो प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सीसीटीव्ही फूटेज सादर न केल्याबद्दल सरकार पक्षाविरुद्ध असे अनुमान काढले होते. त्याच निकालातला प्रमाणपत्राविषयीचा भाग पुढे खोतकर प्रकरणात टिकला नाही, हे खरे. अनुमानाच्या तत्त्वाला त्याने धक्का लागत नाही. उरला दुकानदाराचा कॅमेरा. त्याची काळजी पोलिसांनी घ्यायची. २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याला अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यावा लागतो. घटनास्थळ पंचनाम्यात काचा आणि ब्रेकच्या खुणा लिहिताना समोरच्या कॅमेऱ्यांची नोंद करायला आणि दुकानदाराला लेखी पत्र द्यायला वेगळा वेळ लागत नाही.

जपलेले फूटेज दावेदाराच्या विरोधातही जाईल, उलट दिशेने आलेली त्याचीच दुचाकी दाखवील. जाऊ दे, सहभागी निष्काळजीपणाची वजावट पुराव्यावर व्हावी, अंदाजावर नव्हे. मात्र चित्राला त्याच्या ऐपतीइतकेच वजन द्यायला हवे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. सेकंदाला दहा चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चौकटींच्या मध्ये ती दीड मीटरपेक्षा जास्त पुढे सरकलेली असते, आणि धडकेचा नेमका क्षण त्या फटीत हरवू शकतो. रुंद कोनाच्या भिंगामुळे अंतरे फसवतात ती वेगळीच. बिमला देवी प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांना संभाव्यतेच्या पारड्याची कसोटी लावली, संशयातीत पुराव्याची नव्हे. ती कसोटी फूटेज नसलेल्या दाव्याला तारते, तशीच फूटेजची एकच चौकट पुढे करून बाकी साक्षी उडवून लावणाऱ्यालाही रोखते.

दावेदाराच्या नकळत टिपलेल्या दृश्यांना तर हे अधिकच लागू पडते. पाय अधू झालेला माणूस बाजारात चार पावले चालताना दिसला, म्हणून त्याचा दावा खोटा ठरत नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. चार पावले चालणारा गवंडी परांचीवर चढू शकतो का, हे वीस सेकंदांच्या क्लिपमध्ये दिसत नाही. विमा कंपनीला अशी क्लिप वापरायची असेल, तर तिने त्या दिवसाचे संपूर्ण, न कापलेले चित्रण दावेदाराच्या वकिलाला द्यावे आणि ते टिपणाऱ्याला उलटतपासणीसाठी हजर करावे.