टंच, वजन आणि पत्राची नक्कल

उल्हासनगरात चांदी गाळण्याचे काम करणारे एक कारागीर माझ्या ओळखीचे आहेत. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, भट्टीची राख, जुन्या मुशींचे तुकडे असा माल विकत घ्यायचा, धुवायचा, शिशाबरोबर गाळायचा आणि त्यातून चांदी काढायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. कोणी त्यांना झारेकरी म्हणते, कोणी न्यारिया. काही वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला तीन किलोची लगड दिली. भाव फोनवर ठरला, टंचही फोनवरच सांगितला. जी चिठ्ठी मिळाली तिच्यावर फक्त वजन होते. आठ दिवसांनी निरोप आला की टंच कमी निघाला, आणि भाव तर त्या दिवशी खाली होता. लगड तोवर वितळून गेलेली. आता टंच पुन्हा काढायचा कशाचा? महिन्याभराची कमाई त्यांना सोडून द्यावी लागली. "त्यांनी जबान दिली होती," एवढेच ते सांगत राहिले.

ज्या शिशाचा आणि चांदीचा हा धंदा, त्याच धातूंच्या व्यापारात अडीचशे वर्षांपूर्वीचे लोक कसे वागत, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी एकदा पाहण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ फोन नव्हता, म्हणून त्यांना सगळे लिहावे लागे. आणि लिहिलेले हरवू शकते हे माहीत असल्यामुळे त्याची नक्कलही ठेवावी लागे.

उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत, अॅलेनडेल, वीअरडेल आणि अॅल्स्टन मूर या भागात, अठराव्या शतकात शिशाच्या मोठ्या खाणी चालत. तिथल्या शिशात थोडी चांदी मिसळलेली असे. ती काढण्याची रीत आपल्या झारेकऱ्याला सांगायला नको. भट्टीत तापलेल्या शिशावर हवा मारली की शिशाचे मुरदाडशिंग होऊन बाजूला निघते आणि मागे चांदीचा गोळा उरतो. पण यात इंधन जाते, काही शिसेही वाया जाते. म्हणून टनामागे साधारण आठ औंस, म्हणजे पाव किलोच्या आसपास चांदी असेल तरच हा खटाटोप परवडे. ह्यू पॅटिन्सन याने १८३३ मध्ये नवी रीत काढली, तेव्हा कुठे तीन औंसांचे शिसेही गाळणे फायद्याचे झाले. त्याआधी खाणीवरच्या मुखत्याराला शिसे किती निघाले हे कळवून भागत नसे. त्यात चांदी किती, हेही कळवावे लागे. मालक दूर शहरात असे. १६९२ च्या सनदेने सुरू झालेल्या लंडन लेड कंपनीचा कारभार तर लंडनहून चाले. तिथे बसलेल्या माणसाला खाण दिसत नव्हती, लगड दिसत नव्हती. त्याला दिसे ते फक्त पत्र.

त्यातही वजनाची अडचण होती. शिसे 'फॉदर' या मापाने विकले जाई. पण लंडनचा फॉदर साडेएकोणीस हंड्रेडवेटचा, तर न्यूकॅसलचा एकवीस हंड्रेडवेटचा. नुसते 'शंभर फॉदर' लिहिले आणि कुठला फॉदर ते लिहिले नाही, तर एकाच पत्रावरून दोन हिशेब निघत. यावर हसू नये. आपल्याकडेही मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा आणि बंगालचा मण ब्याऐंशी पौंडांचा होता. आजही 'एक गाडी माल' असे बोलून सौदा करणारे लोक अंबरनाथच्या भंगार बाजारात भेटतात. कुठली गाडी ते कोणी विचारत नाही, भांडण झाल्यावर मात्र सगळेच विचारतात.

हेच इंग्रजी शिसे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-सुरतेलाही येई. बंदुकीच्या गोळ्यांना ते लागे, आणि चीनमध्ये चहाच्या पेट्यांना आतून अस्तर लावायलाही लागे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारे पत्र चार-पाच महिने वाटेत असे, कधी त्याहून जास्त. जहाज बुडे, शत्रूच्या हाती लागे. म्हणून कंपनीने एक शिस्त घालून घेतली होती. पत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा, उत्तर देणाऱ्याने क्रमांकवार उत्तर द्यायचे, आणि एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या. परिच्छेदाला क्रमांक असला की 'तुमचा तो मुद्दा नजरेतून सुटला' ही सबब चालत नाही. जमिनीवरून पत्रे कासीद आणि जासूद नेत, पुढे घोड्यांची डाक आली. आपल्या बदलापूरचे नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडले असे जुने लोक सांगतात.

पण ही नकलांची शिस्त साहेबांनी आपल्याला शिकवली असे कोणी समजू नये. आपल्या हुंडीत ती पूर्वीपासून होती. हुंडी हरवली तर काढून देणारा 'पेठ' लिहून देई. पेठही हरवली तर 'परपेठ'. तीही गेली तर पंचांच्या सहीचा 'मेजरनामा'. पैसे चुकते झालेली हुंडी 'खोका' होऊन दप्तरी पडे. इंग्रजांची परदेशी हुंडीही अशीच तीन प्रतींची असे. पहिल्या प्रतीवर लिहिलेले असे की दुसरी व तिसरी चुकती झाली नसेल तरच ही चुकवावी. हुंडीतली रक्कम फिरवता येऊ नये म्हणून आपले सराफ ती नुसती आकड्यात लिहीत नसत. रुपये पाचशे, त्याचे निम्मे अडीचशे, त्याची दुप्पट पुरे पाचशे, अशी ती बांधून टाकत. 'दर्शनी' म्हणजे दाखवताच पैसे देण्याची, 'मुदती' म्हणजे ठरल्या दिवसांनी. 'शाहजोग' असेल तर पैसे ओळखीच्या पतदार असामीलाच मिळत, रस्त्यावर सापडलेली हुंडी घेऊन आलेल्या चोराला नाही. 'जोखमी' हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यायचे. हुंडी नाकारली जाण्याची भीती असेल तर सोबत 'जिकरी चिठ्ठी' दिली जाई. त्या गावच्या दुसऱ्या एखाद्या पेढीला लिहिलेले असे की अमक्याने हुंडी नाकारली तर आमची अब्रू तुम्ही राखा.

आणि ही विद्या उल्हासनगरच्या दारातच आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथे फाळणीनंतर येऊन राहिलेल्या सिंधी समाजात शिकारपूरची घराणीही होती. शिकारपूरच्या सराफांची हुंडी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कंदाहार, काबूल, बुखाऱ्यापर्यंत चालत होती. अफगाण दुराणी बादशहांच्या कारभाराला या हिंदू सराफांनी पैसा पुरवला. तिकडे घेणाराही बहुधा मुसलमान, देणाराही मुसलमान, मध्ये शिकारपुरी. निर्वासित होऊन आलेल्या माणसांनी पन्नास-साठ वर्षांत एवढी बाजारपेठ उभी केली, तिच्या मुळाशी हे कागदाचे वळण किती होते याचा विचार आपण सहसा करत नाही.

आता आपल्या माणसाकडे येऊ. मुंबईच्या कोकणी मुसलमानांत महंमद अली रोघे हे नाखुदा घराण्यातले मोठे व्यापारी होऊन गेले. १८१८ मध्ये जमशेटजी जीजीभाई यांनी पेढी काढली, तिच्यात रोघे भागीदार होते. दुसरे भागीदार मोतीचंद अमीचंद, म्हणजेच भायखळ्याच्या जैन मंदिरामुळे ज्यांचे नाव राहिले ते मोतीशा शेठ. पुढे गोव्याचे रोजेरियो दे फारिया त्यांना मिळाले. पारशी, मुसलमान, जैन आणि ख्रिस्ती अशा चौघांची ही जोडणी होती. माल जाई चीनच्या कँटन बंदरात, आणि तिथला मुख्य आडत्या विल्यम जार्डिन. जार्डिन आणि जमशेटजी यांची ओळख १८०५ मध्ये 'ब्रन्सविक' जहाजावर झाली होती. जार्डिन त्या जहाजावर डॉक्टर होता. फ्रेंचांनी ते जहाज पकडले आणि दोघेही त्यात सापडले. पुढे १८३२ मध्ये जार्डिन-मॅथेसन कंपनी निघाली, आणि मुंबई व कँटन यांच्यामध्ये पत्रांचा रतीबच सुरू झाला. जमशेटजींच्या पेढीची नकलेची पुस्तके मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, कँटनकडची बाजू केंब्रिजला जपलेली आहे. नक्कल ठेवण्याची सवय नसती तर आज दोन्हीकडे धूळ असती.

एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. या जहाजांत कापसाबरोबर माळव्याची अफू होती, आणि नफा जास्त अफूचाच होता. त्या कमाईचे गोडवे गाण्याचा या लेखाचा हेतू नाही. आपल्याला पाहायची आहे ती पैसे परत आणण्याची पद्धत.

कँटनमध्ये माल विकला की किंमत मिळे ती स्पॅनिश चांदीच्या डॉलरांत किंवा चिनी चांदीच्या लगडींत. ती मुंबईत आणायची कशी? एक मार्ग, चांदीच जहाजात घालून आणायची आणि मुंबईच्या टांकसाळीत रुपये पाडून घ्यायचे. यात टंचाची आणि समुद्राची जोखीम. दुसरा मार्ग, लंडनवरची हुंडी घ्यायची आणि ती मुंबईत विकायची. यात हुंडावळीच्या भावाची जोखीम, शिवाय लंडनचा सावकार टिकेल की नाही ही धास्ती. १८३७ मध्ये अमेरिकेच्या व्यापाराला पैसा पुरवणाऱ्या लंडनच्या तीन मोठ्या पेढ्या बसल्या, आणि कँटनच्या बाजारातल्या अमेरिकन हुंड्यांकडे लोक संशयाने पाहू लागले. मुंबईचा व्यापारी इथे बसून हे काहीच ठरवू शकत नव्हता. कुठली हुंडी घ्यायची, चांदी कधी लादायची, हे कँटनचा आडत्या ठरवी. म्हणून जमशेटजींच्या पत्रव्यवहारात मालाच्या भावाइतकीच पैसे परत येण्याची विवंचना आहे. विकलेला माल हा अर्धाच व्यापार असतो, हे या पत्रांतून जसे कळते तसे कुठल्या पुस्तकातून कळत नाही.

कागदाची खरी परीक्षा १८३९ मध्ये झाली. चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन याने कँटनमधली वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. इंग्रज अधिकारी चार्ल्स एलियट याने व्यापाऱ्यांना पावत्या दिल्या, की भरपाई सरकार देईल. मुंबईच्या कित्येकांचे भांडवल त्या पावत्यांत अडकले. लढाई होऊन १८४२ च्या नानकिंग तहात अफूपोटी साठ लाख डॉलर ठरले, आणि पैसे वाटले गेले त्यानंतर. रक्कम मालाच्या किमतीहून कमी पडली. तरी ज्याच्या हाती पावती होती त्याला काही तरी मिळाले.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी आणि साक्षीदार यांविषयीच आहे. हातोहात होणाऱ्या सौद्याला तिच्यात सवलत आहे, उधारीला नाही. आपण मात्र ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला लाजतो.

आजचा कायदाही कागदाकडेच पाहतो. येणे वसूल करण्याचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. पण मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी 'देणे आहे' एवढे लिहून दिले तर तीन वर्षे तिथून नव्याने मोजली जातात. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यानुसार लहान कारखानदाराचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या तारखेला, पण पंचेचाळीस दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत मिळाले पाहिजेत. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पसंत पडला असे धरले जाते. हरकतसुद्धा लेखीच पाहिजे, हे लक्षात घ्या. आमच्या झारेकरी मित्राला आठ दिवसांनी आलेला निरोप तोंडी होता! या कायद्यात थकबाकीवर व्याजही आहे, ते ज्याने त्याने आपल्या विचाराने पाहावे, पण निदान मुद्दल तरी सुटते. उद्यम नोंदणी माल देण्यापूर्वीच करून ठेवावी. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उशिराच्या पैशांबाबतची ही तरतूद लागू होत नाही, त्याला आपले करारपत्रच कामी येणार.

आमचे मित्र आता प्रत्येक लगडीबरोबर चिठ्ठी देतात. लगडीचा बारीक तुकडा कापून, पुडीत घालून, दोघांच्या सहीने स्वतःजवळ ठेवतात. पहिल्यांदा त्यांनी सही मागितली तेव्हा समोरचा म्हणाला, "काय मियाँ, आमच्यावर भरवसा नाही?" त्यावर ते म्हणाले, "शेठ, भरवसा आहे म्हणून तर माल देतोय. सही माझ्या विसरभोळेपणासाठी." चिठ्ठीचा मजकूर त्यांच्या परवानगीने देतो, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा:

"आज तारीख अमुक रोजी आपणास चांदीची लगड नग एक, वजन इतके किलो इतके ग्रॅम, टंच इतका, भाव किलोस रुपये इतके, एकूण अक्षरी रुपये इतके, या दराने दिली. टंचाचा नमुना उभयतांच्या सहीने आमच्याकडे ठेवला आहे. टंच किंवा वजन यांबद्दल हरकत असल्यास लगड वितळवण्यापूर्वी लेखी कळवावी. रक्कम अमुक तारखेपर्यंत पोहोचती करावी. या चिठ्ठीच्या दोन प्रती केल्या असून एक आपणाकडे व एक आमच्याकडे आहे. देणाऱ्याची सही. घेणाऱ्याची सही."