पेटीबाहेरच्या माशा

1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मधमाशीपालन हे त्याच्या कामांपैकी एक ठरले. तेव्हापासूनच्या नव्वद वर्षांचा मागोवा घेताना एक गोष्ट खटकते. जी माशी पेटीत नांदते, तिचाच हिशेब आपण ठेवला. 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आली. त्याच वर्षी हिमाचलातल्या नगरोट्याला युरोपीय मेलिफेरा माशी भारतात रुजली. 2022 मध्ये महाबळेश्वराजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ झाले. ही सगळी कामे मोलाची आहेत. पण गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत, भाताच्या बांध्यांमध्ये, खरा राबता पेटीबाहेरच्या माशांचा आहे.

पायावर परागाची टोपली बाळगणाऱ्या माशांची जगात चार घराणी आहेत. त्यांतले ऑर्किड माशांचे घराणे मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरले आहे. त्यांच्या सुमारे अडीचशे जाती असून बऱ्याचशा हिरव्या-निळ्या, लखलखीत असतात. त्यांचे नर ऑर्किडच्या फुलांतला सुगंध खरवडून मागच्या पायांत साठवतात, हे 1960च्या दशकात उलगडले. बहुतेक माद्या एकट्याने घरटे करतात. काही जातींत आई-लेकी एकत्र राहतात, पण आई लेकीची अंडी खाऊन तिथे आपली घालते. दुसरे घराणे थंड डोंगरांतल्या केसाळ बंबलमाशीचे. उरलेली दोन, म्हणजे मधमाशी आणि इवलीशी, नांगी न मारणारी पोया, आपल्या अंगणातली.

मधमाशांतली आग्या पेटीत कोंडताच येत नाही. उंच फांदीला एकच मोठे पोळे टांगायचे आणि त्यावर हजारो माशांनी स्वतःच्या अंगांचा पडदा धरायचा, ही तिची रीत. गांधीलमाशी जवळ आली की पडद्यावरच्या माशा ओळीने पोटे उचलतात आणि पोळ्यावर लाट सरकत जाते. या लाटेने गांधीलमाशी मागे हटते, हे नेपाळमधल्या निरीक्षणांवरून 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. चांदण्या रात्रीही आग्या चरायला निघते. फुलोरा आटला की अख्खी वसाहत स्थलांतर करते आणि पुढल्या मोसमात त्याच जागी परतते. आसामातल्या पोळ्यांच्या जनुकीय तपासणीतून 2000 साली याचा पुरावा मिळाला. म्हणजे आग्याचा जुना वड तोडणे हे वसाहतीचे ठरलेले घर मोडणे आहे.

मध काढायची जुनी तऱ्हा क्रूर होती. रात्री टेंभा पेटवायचा, माशा जाळायच्या, पोळे अंड्या-अळ्यांसकट कापून हाताने पिळायचे. वर्ध्याचे डॉ. गोपाल पालीवाल यांनी विदर्भातल्या मध काढणाऱ्यांना दुसरी वाट दाखवली. अंगभर पोशाख घालून फांदीलगतचा मधाचा भाग तेवढा कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माशी पोळे पुन्हा बांधते. या नव्वद वर्षांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे काम, कारण त्यात माशीला आपल्या सोयीने वाकवलेले नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण गौण वनोपजात धरले, त्यामुळे जंगलातल्या गावांचा त्यावरचा हक्कही स्पष्ट झाला.

या चार घराण्यांबाहेरच्या भुंग्याच्या, म्हणजे लाकडात घर करणाऱ्या माशीच्या, वाट्याला मात्र एवढेही आले नाही. तो मध देत नाही, म्हणून त्याची कुणी दखल घेत नाही. धुऱ्यावरच्या तुरीजवळ सकाळी थांबून पाहा. काळा, जाडजूड भुंगा पिवळ्या फुलावर बसतो, त्याच्या वजनाने खालच्या पाकळ्या दबतात, आत मिटलेले पुंकेसर उसळून त्याच्या पोटाला घासतात आणि तो तसाच पुढच्या झाडाकडे जातो. पाने गोल कातरून घरटे करणारी पानकापी माशीही हेच काम करते. दोघांचेही संसार एकांड्या मादीचे. 1991 साली इक्रिसॅट या संशोधन संस्थेची पहिली संकरित तूर आली, तेव्हा स्वतःचा पराग नसलेल्या नर-वंध्य ओळींपर्यंत पराग पोचवण्याचे काम अशाच रानमाशांच्या भरवशावर होते.

भुंग्याला घरासाठी वाळके लाकूड किंवा जुना बांबू लागतो. आपण ते लाकूड-बांबू सरपणात घालतो, शेताची कड साफ करतो, आणि वर फुलोऱ्यात फवारणीही करतो. फवारणी करायचीच असेल तर ती निदान संध्याकाळी, भुंगे परतल्यावर व्हावी.

2002च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. मुर्रीच्या वहीत मला माशांचे स्वतंत्र पान हवे आहे. आग्या कोणत्या झाडावर बसते, कोणत्या महिन्यात येते आणि जाते, पोयाची मेणाची नळी कोणाच्या भिंतीतून डोकावते, कोणत्या धुऱ्यावरचे वाळके खोड भुंग्यांसाठी राखायचे, हे सगळे त्यात यावे. हे सांगू शकणारी म्हातारी माणसे अजून गावोगावी आहेत. ते पान त्यांच्याकडून याच हिवाळ्यात, तूर फुलावर असताना, भरून घ्यायला हवे.