सशाला नवं घर ओळखीचं होताना

नवा ससा घरी आला की पोरं त्याला उचलायला धावतात. नेमकं तेच टाळायला हवं. ससा हा शिकार होणारा प्राणी. वरून आलेला हात त्याला झडप घालणाऱ्या घारीसारखा वाटतो. घाबरून त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला, तर त्याचा नाजूक कणा मोडूही शकतो.

पहिले काही दिवस त्याला कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर, शांत कोपरा द्यावा. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारं कापली की लपायची जागा तयार. दुसरं दार विसरू नये. बिळातल्या सशालाही पळवाट लागतेच.

मग माणसाने जमिनीवर गप्प बसून राहावं. ससा आपणहून येतो, मान लांबवून हुंगतो. मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत तिथेच रोवलेले. नाकाच्या अगदी समोरचं त्याला दिसत नाही, म्हणून हात बाजूने नेऊन कपाळ कुरवाळावं. त्याने मागचा पाय धपकन आपटला, तर तो धोक्याचा इशारा. तेव्हा थांबावं.

वाळलेलं गवत २४ तास समोर हवंच. धास्तावलेला ससा खाणं सोडतो आणि ते फार घातक असतं. १०-१२ तास त्याने काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावं.