बत्तीस पानं, सव्वीस मिनिटं

चित्रपुस्तकाला बहुतेक वेळा बत्तीसच पानं का असतात, याचं उत्तर बालमानसशास्त्रात शोधायला जाऊ नये. ते छापखान्यात आहे. सोळा पानी दोन फर्मे छापायचे, दुमडायचे, शिवायचे. कागद वाया जात नाही आणि किंमतही आवाक्यात राहते. सिनेमाचं मापही असंच बाहेरून ठरतं. तिकीट काढून, मुलाबाळांसह थिएटरात आलेल्या कुटुंबाला निदान दीड तास तरी गुंतवून ठेवावं लागतं. चित्रपुस्तकांवरचे अ‍ॅनिमेशनपट ओळीनं बघत गेलं की वाटतं, त्यांचं बरंवाईट पुष्कळसं या दोन मापांच्या ओढाताणीतच ठरून गेलेलं आहे. दिग्दर्शकाची प्रतिभा वगैरे गोष्टी त्यानंतरच्या.

फर्डिनंड नावाच्या बैलाचं उदाहरण घ्या. मन्रो लीफनं लिहिलेलं आणि रॉबर्ट लॉसननं चितारलेलं हे अमेरिकी पुस्तक १९३६ सालचं. स्पेनमधल्या कुरणात बाकीची खोंडं टकरा खेळत असताना हा गडी झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. एकदा तो चुकून मधमाशीवर बसतो, ती डसते, तो बेभान उधळतो आणि झुंजीसाठी बैल निवडायला आलेल्या माणसांना वाटतं, हाच तो! माद्रिदच्या रिंगणात मात्र हा पुन्हा फुलांचा वास घेत बसून राहतो. झुंज होत नाही. त्याला घरी पाठवतात. गोष्ट संपली. डिस्नेनं १९३८मध्ये यावर जेमतेम आठ मिनिटांचा लघुपट केला आणि ऑस्कर मिळवलं. ब्लू स्काय स्टुडिओनं २०१७मध्ये त्याच पुस्तकावर पूर्ण लांबीचा चित्रपट काढला, तो १०८ मिनिटांचा. वाढलेली शंभर मिनिटं कशानं भरली? बडबड्या बकरीनं, तीन साळिंदरछाप उचापतखोरांनी, नाचणाऱ्या घोड्यांनी आणि माद्रिदच्या रस्त्यांवरच्या पाठलागानं. म्हणजे, काहीही न करता बसून राहणं हाच ज्याचा पराक्रम, त्याला पावणेदोन तास पळवलं. पोरं हसतात, चित्रपट वाईट नाही, ऑस्करचं नामांकनही त्याला मिळालं. पण हा तो बैल नव्हे.

याच्या उलट बाजूला एक चित्रपट उभा आहे. त्यानंही पुस्तकात नसलेलं बरंच काही घुसडलं, आणि तरी तो पुस्तकाचाच राहिला. हे त्याला कसं जमलं, ते थोडं खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. चित्रपट म्हणजे ‘द स्नोमॅन’.

रेमंड ब्रिग्ज हा इंग्रज चित्रकार १९३४मध्ये लंडनच्या विम्बल्डन भागात जन्मला. वडील दूधवाले, आई लग्नाआधी मोठ्या घरात कामाला. चित्रकलेचं शिक्षण घेऊन तो ससेक्स परगण्यात टेकड्यांच्या पायथ्याशी राहू लागला, ब्रायटनच्या कलाशाळेत शिकवू लागला. १९७७मध्ये त्याचं ‘फंगस द बोगीमन’ आलं. चिखल, शेवाळ, शेंबूड आणि शब्दांचा खच असलेलं ते पुस्तक करण्यात त्याची दोन वर्षं गेली होती. त्या राड्यानंतर त्याला काहीतरी स्वच्छ, ताजं, निःशब्द आणि लवकर उरकणारं काम हवं होतं, असं तो सांगे. त्यातून १९७८मध्ये हॅमिश हॅमिल्टन प्रकाशनानं काढलेलं ‘द स्नोमॅन’ जन्मलं. त्यात एकही शब्द नाही. शाईची काळी रेघही नाही. सगळं रंगीत पेन्सिलींनी, मऊ, किंचित पिठूळ.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो. रात्री तो जिवंत होतो. मुलगा त्याला घर दाखवतो: फ्रिज, पेल्यातली कवळी, आईबापांचे कपडे. त्याला डीप फ्रीझरमध्ये पडून गारवाही खाऊ देतो. पाहुण्याला घर दाखवताना मुलं करतात तसा हा सगळा सोपस्कार. पानावर लहानलहान चौकटी दाटीनं बसवलेल्या, चित्रकथेसारख्या. मग दोघं हात धरून उडतात आणि चौकटी फुटून चित्र पानभर पसरतं. ब्रायटनच्या घुमटदार राजमहालावरून ते समुद्रातल्या लांब धक्क्यापर्यंत जातात आणि परततात. सकाळी मुलगा धावत बाहेर येतो, तर जागेवर टोपी, मफलर आणि वितळलेला ढीग. संपलं.

या पुस्तकात नाताळ नाही. झाड नाही, भेटवस्तू नाहीत, सांताक्लॉज तर नाहीच नाही. ज्यांना ‘द स्नोमॅन’ फक्त पडद्यावरून ठाऊक आहे, त्यांना हे सांगितलं तर पटत नाही.

चित्रपट केला लंडनच्या टीव्हीसी या स्टुडिओनं. बीटल्सचा ‘यलो सबमरीन’ (१९६८) यांचाच. निर्माता जॉन कोट्स, दिग्दर्शिका डायॅन जॅक्सन. तीही ‘यलो सबमरीन’वर काम केलेली, पण दिग्दर्शनाची ही पहिलीच वेळ. ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल फोर ही नवी वाहिनी सुरू झाली आणि पहिल्याच नाताळात, २६ डिसेंबरला, तिनं हा चित्रपट दाखवला. लांबी २६ मिनिटं. टीव्हीच्या अर्ध्या तासाच्या खिडकीत बसेल एवढी. माझ्या मते या चित्रपटाचं निम्मं नशीब इथेच उघडलं.

तरीही पुस्तक जसंच्या तसं हलवलं असतं तर २६ मिनिटंही भरली नसती. म्हणून भर घातली. घरातल्या खेळांनंतर मोटरसायकलवरून बर्फाळ रानातली रपेट आली. ब्रायटनच्या धक्क्यावरून मागे न फिरता दोघं उत्तरेला निघाले. वाटेत देवमासा, वाटेत प्रवासी जहाजावरची मेजवानी. उत्तर ध्रुवाजवळ बर्फाच्या माणसांचा मेळावा, नाचगाणं आणि यजमान साक्षात फादर ख्रिसमस, म्हणजेच सांताक्लॉज. तो मुलाला बर्फमाणसांची नक्षी असलेला मफलर भेट देतो. मुलाला नावही मिळालं, जेम्स. भेटवस्तूवरच्या चिठ्ठीवर काहीतरी नाव लिहायला हवं होतं. दृश्य करणाऱ्या चित्रकर्तीनं आपल्या मित्राचं लिहून टाकलं. पुढे त्याच्याशी तिनं लग्न केलं. अ‍ॅनिमेशनच्या टेबलावर असे उद्योग चालतात.

ब्रिग्जला ही नाताळची आयात फारशी रुचली नव्हती. अकारण घुसवलेली आणि जराशी गोडगोड, असं त्याचं मत पुढेही कायम होतं. पण ती चित्रपटात उत्तम लागू पडली, हेही त्यानं कबूल केलं. कुरकुरत दिलेली दाद ही त्याची खासियत. स्वभावानं तिरसट म्हणून तो ख्यातनाम होता.

पुस्तकाशी अगदी इमानदार राहण्याचा दुसराही एक मार्ग होता. अमेरिकेत मॉर्टन शिंडेलनं १९५३मध्ये कनेटिकटमधल्या वेस्टन गावी वेस्टन वुड्स ही संस्था काढली ती त्याच निष्ठेनं. चित्र हलवायचंच नाही, कॅमेराच चित्रावरून सावकाश फिरवायचा, मजकूर मूळ तसाच वाचायचा. पुढे प्राग शहरात स्थायिक झालेल्या जीन डाइचनं त्याच संस्थेसाठी पुस्तकातली चित्रं हलती केली. मॉरिस सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ही त्यात आलं. ग्रंथालयांत आणि शाळांत हे लघुपट पिढ्यान्‌पिढ्या चालले. ते बघताना पुस्तकाबद्दलचा आदर जाणवतो, मनापासून. पण बघून झाल्यावर पुन्हा पुस्तकच उघडावंसं वाटतं, आणि त्यांचा हेतूही तोच होता. चित्रपट म्हणून ते आपल्या पायावर क्वचितच उभे राहतात.

जॅक्सन आणि तिच्या चमूनं इमान राखलं ते वेगळ्या ठिकाणी. पहिलं, रंगाच्या पोतात. त्या काळची रूढ पद्धत अशी: सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, शाईची बाह्यरेषा आणि मागच्या बाजूनं सपाट रंग. मिकी माऊस ते टॉम अँड जेरी, सगळे याच पद्धतीचे. ब्रिग्जची चित्रं अशी रंगवली असती तर बर्फाचा माणूस प्लॅस्टिकचा झाला असता. म्हणून प्रत्येक सेलवर खडूपेन्सिलींनी हातानं छटा भरल्या. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी, आणि एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला बारा चित्रं. २६ मिनिटांचा हिशेब अठरा हजारांच्या वर जातो, तोही चौकटीत एकच आकृती हलते असं धरून. बरं, पेन्सिलीचं भरणकाम दोन चित्रांत हुबेहूब सारखं येणं अशक्य. त्यामुळे आकृती स्थिर उभी असली तरी तिचा पृष्ठभाग सारखा थरथरतो. धंद्यात याला ‘बॉइल’ म्हणतात, आणि एरवी तो दोष मानला जातो. इथे त्या थरथरीनं बर्फाला जीव आला. मुलाच्या अंगावरचा झगा, स्नोमॅनची पाठ, खिडकीतला उजेड, काहीच पुरतं निश्चल नाही.

दुसरं, अबोलपणात. पुस्तकात शब्द नाहीत म्हणून चित्रपटातही संवाद नाहीत. हे ऐकायला सहज वाटतं, पण मुलांच्या कार्यक्रमात निवेदक नसणं ही निर्मात्यांना धडकी भरवणारी गोष्ट. संगीतकार हॉवर्ड ब्लेकचं सांगणं असं की, सगळं संगीतानंच पेलावं, बोलणं नकोच, हा आग्रह त्याचा. सुरुवातीचा छोटा प्रवेश सोडला तर साऱ्या चित्रपटात शब्द येतात ते एकाच गाण्यात, ‘वॉकिंग इन द एअर’मध्ये, आणि तेही दोघं जमिनीवरून सुटतात तेव्हाच. पुस्तकात चौकटी फुटतात त्याच क्षणी पडद्यावर आवाज फुटतो. रूपांतर म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला मी हेच दृश्य दाखवीन: पानाची युक्ती पडद्यावर चालणार नव्हती, तेव्हा तिच्या जागी तेच काम करणारी दुसरी युक्ती शोधली.

गाणं गायलं पीटर ऑटी या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या गायकवृंदातल्या मुलानं. श्रेयनामावलीत मात्र त्याचं नाव नव्हतं. ते आलं वीस वर्षांनी, २००२च्या नव्या आवृत्तीत. दरम्यान १९८५मध्ये अ‍ॅलेड जोन्स या वेल्श मुलानं तेच गाणं पुन्हा गायलं, ते ब्रिटिश लोकप्रियता-यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि चित्रपटातला आवाज त्याचाच असा समज इतका घट्ट बसला की तो अजून निघत नाही.

आणि तिसरं, शेवटात. उत्तर ध्रुव दाखवला, सांताक्लॉज आणला, इतकं गोड केल्यावर स्नोमॅनला वाचवणं किती सोपं होतं! वाहिनी नवी, प्रेक्षक लहान, सण नाताळचा. तरी तो वितळतो. मुलाच्या खिशात मफलर सापडतो, म्हणजे रात्र खोटी नव्हती एवढं कळतं. पण मित्र परत येत नाही. उलट मफलरमुळे दुःख वाढतंच. पुस्तकातल्या मुलाला सगळं स्वप्न होतं असं म्हणून मन समजावता आलं असतं, जेम्सला तीही सोय उरली नाही. निर्मात्यांनी घातलेली सर्वांत गोड भर शेवटी सर्वांत कडू ठरते.

ब्रिग्जचे आईवडील १९७१मध्ये गेले, पत्नी १९७३मध्ये. त्यावरून पुस्तकाकडे सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा. बर्फ वितळतो, आईबाप जातात, जनावरं मरतात, यात सांगण्यासारखं विशेष काय, असाच त्याचा सूर असे. सुखान्त आपल्याला जमत नाही, जे स्वाभाविक ते आपण काढतो, एवढंच त्याचं म्हणणं.

‘द स्नोमॅन’ला बाफ्टा पुरस्कार मिळाला, ऑस्करचं नामांकन मिळालं, ऑस्कर गेलं पोलिश ‘टँगो’कडे. पण त्याचं खरं वजन पुढे दिसलं. ब्रिटिश टीव्हीवर चित्रपुस्तकावरचा अर्ध्या तासाचा नाताळपट ही प्रथाच पडली. जुलिया डोनाल्डसन आणि अ‍ॅक्सेल शेफलरचं ‘द ग्रफलो’ २००९च्या नाताळात आलं, ज्युडिथ करचं ‘द टायगर हू केम टू टी’ २०१९मध्ये. अमेरिकेत तर चक जोन्सनं १९६६मध्येच डॉक्टर स्यूसच्या पुस्तकातल्या ग्रिंच या दुष्ट पात्राला २६ मिनिटांत बसवलं होतं. त्याच ग्रिंचचा २०१८मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट झाला तेव्हा त्याला अनाथपणाचा भूतकाळ चिकटवावा लागला. पुस्तकात त्याच्या दुष्टपणाची कारणमीमांसा लेखक जवळजवळ थट्टेवारी नेतो, आणि गंमत तिथेच आहे. क्रिस व्हॅन ऑल्सबर्गच्या ‘द पोलर एक्सप्रेस’चंही तेच. १९८५चं हे शांत, गूढ पुस्तक रॉबर्ट झेमेकिसनं २००४मध्ये शंभर मिनिटांचं केलं, त्यासाठी आगगाडी गोठलेल्या तळ्यावरून घसरवली, टपावर भटक्याचं भूत बसवलं. आणि संगणकानं टिपलेल्या त्या मुलांच्या डोळ्यांत जीव काही आला नाही.

लांब चित्रपट करूच नये, असा याचा अर्थ नाही. ‘श्रेक’नं (२००१) विल्यम स्टाइगच्या पुस्तकातून राक्षस तेवढा उचलला आणि बाकी संसार स्वतःचा थाटला, तो वेगळाच मामला. फ्रान्समध्ये झालेला ‘अर्नेस्ट ए सेलेस्तीन’ (२०१२) पूर्ण लांबीचा असूनही जलरंगाइतका हलका राहिला, कारण गाब्रिएल व्हँसाँच्या एकाच नव्हे, तर अनेक पुस्तकांचं भांडवल त्याच्या हाताशी होतं. आणि ब्रिग्जनं आपल्या आईवडिलांच्या अख्ख्या आयुष्यावर काढलेल्या ‘एथेल अँड अर्नेस्ट’चा २०१६मध्ये दीड तासाचा चित्रपट झाला तो कुठेही ताणलेला वाटत नाही. दिग्दर्शक रॉजर मेनवुड, जो ‘द स्नोमॅन’च्या चित्रकारांतला एक. त्या पुस्तकात दोन आयुष्यं होती, दीड तास लागणारच. एका रात्रीच्या गोष्टीला अर्धा तास बास.

मराठी घरात ‘द स्नोमॅन’ दाखवायला भाषांतर लागत नाही, डबिंग लागत नाही. एक गाणं इंग्रजी आहे, ते समजलं नाही तरी अडत नाही. मात्र आवृत्ती निवडून घ्या. चित्रपटाच्या सुरुवातीला एक छोटा प्रवेश असतो आणि तो निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळा आहे. अमेरिकेसाठी केलेल्या प्रवेशात गायक डेव्हिड बोवी माळ्यावर जातो आणि खणातून तोच मफलर काढतो. म्हणजे शेवटी जे कळायचं ते पहिल्याच मिनिटाला हातात. नंतरच्या एका आवृत्तीत खुद्द फादर ख्रिसमस निवेदन करतो, ज्याचा मूळ पुस्तकाशी काडीचा संबंध नाही. मूळ प्रवेशात ब्रिग्ज स्वतः शेतातून चालत जातो आणि त्या हिवाळ्यात पडलेल्या बर्फाबद्दल मोजकीच वाक्यं बोलतो. तोच घ्या. आणि चित्रपटाआधी पुस्तक एकदा मुलाच्या हातात द्या, तेही आपण काही न बोलता.