मांजराचे नाक चोंदले की भूकही जाते

बेळगावच्या पावसाळ्यात घरात कोणाला ना कोणाला सर्दी असतेच. आपण तिला पडसे म्हणतो, शेजारचे नेगडी म्हणतात. ही नेगडी घरच्या मांजरालाही होते. ते सटासट शिंकते, डोळ्यांतून पाणी येते, नाकपुड्यांवर खपली धरते आणि झोपेत नाक घुरघुरते. बहुतेक वेळा त्याचे कारण मांजरांमधील हर्पिस किंवा कॅलिसी हा विषाणू असतो. ते आपल्या सर्दीपेक्षा वेगळे असल्यामुळे घरातल्या मुलांना त्यापासून भीती नाही. दुसऱ्या मांजराला मात्र लागण होते. म्हणून आजारी मांजराची ताटली व अंथरूण वेगळे ठेवावे आणि त्याला हाताळल्यावर हात धुवावेत.

खरी काळजी शिंकांची नसून जेवणाची आहे. मांजर अन्नाची पारख वासावर करते. नाक बंद झाले की पुढ्यातला आवडता मासाही त्याला अन्न वाटत नाही. माणसाला एक-दोन लंघने सोसतात, मांजराला नाही. दोन-तीन दिवस पोट रिकामे राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि साधी सर्दी जिवावर बेतू शकते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक.

म्हणून आधी नाक मोकळे करावे. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालावे. ते कोमट झाले की कापूस भिजवून खपली हलकेच पुसावी. ओढून काढू नये. दिवसातून दोन-तीनदा न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून, मांजराला मांडीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. गरम बादली त्याच्यापासून दूर असावी. तोंड भांड्यावर धरणे किंवा अंगावर चादर टाकणे नको.

मग लगेच जेवण द्यावे. उकडलेल्या बांगड्याचे काटे काढून तो कोमट करून द्यावा, म्हणजे वास उठतो. मासे-मटण न शिजवणाऱ्या घरांत उकडलेले अंडे किंवा बाजारातले मांजरांचे ओले खाद्य चालेल. कांदा, लसूण, मसाला अजिबात नको. नाक बंद असताना बळेच तोंडात ओतू नये, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

आपल्याकडे बाळाला सर्दी झाली की वेखंड उगाळतात, ओव्याची धुरी देतात, कापूर हुंगवतात. हे प्रेमाचे उपाय मांजराला मात्र करू नयेत. धुराने त्याचा श्वास आणखी कोंडतो. कापूर, निलगिरी किंवा छातीला चोळायचा बाम त्याने अंग चाटताना पोटात जातो आणि विषबाधा होते. माणसांचे नाकात घालायचे थेंबही नकोत. सर्वांत घातक म्हणजे तापाची पॅरासिटामॉलची गोळी. ती पचवण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसते. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले तर वेळ न दवडता पशुवैद्यांकडे न्यावे. चोवीस तास काही खाल्ले नाही, शेंबूड पिवळा-हिरवा व घट्ट झाला, त्यात रक्त दिसले किंवा तो एकाच नाकपुडीतून येत असेल तरीही घरचे उपाय थांबवावेत. एका नाकपुडीत कधी गवताची काडी अडकलेली असते, कधी दाताचे मूळ सडलेले असते. पिल्लाच्या बाबतीत तर चोवीस तासही थांबू नये.

हर्पिस एकदा शिरला की बहुधा जन्मभर अंगात दबून राहतो आणि घर बदलले, पाहुणे आले, नवे मांजर आणले की पुन्हा डोके वर काढतो. लसीने आजार पूर्ण टळला नाही तरी सौम्य होतो. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की लस सुरू करता येते.

‘पशु आस्पत्रे’च्या दारात पहिला प्रश्न मराठीत येवो वा कन्नडमध्ये, तो बहुधा एकच असतो : शेवटचे कधी खाल्ले? शिंका सुरू झाल्या त्या दिवसापासून खाल्ल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जावी.