गावच्या आगीसाठी गावचीच तरुण तुकडी

रबीची सुगी संपून माल खळ्यावर येतो, परड्यात कडब्याच्या गंजी उभ्या राहतात, आणि शेतकऱ्याचे वर्षभराचे श्रम अगदी उघड्यावर पडतात. फाल्गुन-चैत्रातील वारा, वाळून कोळ झालेले गवत, पिकावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि बांधावर टाकलेले विडीचे थोटूक यांपैकी एक निमित्तही पुरे होते. जळालेले पीक पुढील हंगामात पुन्हा घेता येते. दावणीला बांधलेली बैलजोडी मात्र गेली ती गेलीच.

अशा वेळी १०१ किंवा ११२ या क्रमांकावर प्रथम कळवावे, हे खरेच. परंतु तालुक्याच्या ठिकाणाहून बंब निघून गावात पोहोचेपर्यंत वेळ जातो, आणि आगीचा निकाल बहुधा पहिल्या काही मिनिटांतच लागतो. ती मिनिटे गावाच्याच हाती असतात.

गावात धाडसाची वाण नाही. हाक येताच माणसे धावतात. पण प्रत्येक जण स्वतंत्रपणे घागर घेऊन धावतो, विहिरीवर गर्दी होते, कोणी पेटलेल्या विजेच्या पेटीवर पाणी ओततो. हा दोष वृत्तीचा नसून सरावाचा आहे. जे काम घाबरलेल्या मनाने करावयाचे, ते हातांच्या अंगवळणी पडलेले असावे लागते. आणि अंगवळणी पडावयास वर्षातून एकदा झालेले व्याख्यान पुरत नाही.

जर्मनीत बहुतेक गावांतील आगी गावचे स्वयंसेवकच विझवितात. त्यांची संख्या सुमारे दहा लाख आहे. तेथील मुलामुलींची पथके बहुधा आठवड्यातून एक सायंकाळ सराव करतात. या पथकांची देशव्यापी संघटना १९६४ साली स्थापन झाली. मुलांना प्रत्यक्ष आगीवर नेत नाहीत. पुढे मोठी होऊन ती दलात येतात, तेव्हा त्यांचे हात तयार असतात. आपल्याकडील तरुण मंडळांनाही हा धडा घेता येईल. आठवड्यातील एक ठराविक वार आणि एक तास एवढीच गुंतवणूक त्यास लागते.

पहिला आठवडा : पाण्याची रांग. विहिरीपासून ठरविलेल्या खुणेपर्यंत दोन रांगा कराव्यात. एकीने भरलेल्या बादल्या पुढे जातील, दुसरीने रिकाम्या परत येतील. हाक दिल्यापासून पहिली बादली पोहोचेपर्यंत लागलेला वेळ घड्याळावर पाहून वहीत नोंदवावा.

दुसरा आठवडा : घर व गोठा. विजेची आग असल्यास प्रथम मुख्य बटण बंद करावे. पाणी मारू नये. कढईतील तेल पेटल्यास चूल किंवा शेगडी विझवून झाकण ठेवावे. गॅसचा वास आल्यास रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. दिव्याचे बटण दाबू नये. गोठ्यातील दावी विळ्याने झटपट तोडण्याचा सराव जुन्या दोरांवर करावा. बिथरलेले जनावर पेटत्या गोठ्यात परत शिरू शकते. म्हणून बाहेर काढताच ते दूर बांधावे.

तिसरा आठवडा : गवत व वणवा. ओले गोणपाट आणि हिरव्या फांद्या यांनी कडेची ज्वाळा झोडपावी. वारा पाठीशी ठेवून, जळून गेलेल्या बाजूने जावे; आगीच्या तोंडासमोर कधीही उभे राहू नये. चढावर आग वेगाने धावते, म्हणून वरच्या अंगाने तिला अडवू नये. अंगात सुती कपडे असावेत. जाताना व परतताना माणसे मोजावीत. खळ्याभोवती गवत काढून मोकळा पट्टा राखण्याचे कामही याच दिवशी करावे.

चौथा आठवडा : भाजलेल्याची शुश्रूषा. कपडे पेटल्यास धावू न देता जमिनीवर लोळवावे किंवा जाड सुती घोंगडे लपेटावे. भाजलेल्या जागी सुमारे वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. शाई, दंतमंजन वा तूप लावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाचव्या आठवड्यापासून पुन्हा पहिला पाठ घ्यावा. जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन दलातील जवानास आणि वीज कंपनीच्या तारमार्ग कामगारास अधूनमधून शिकविण्यास पाचारण करावे. अठरा वर्षांखालील मुलांना निरोप पोहोचविणे व जमाव दूर ठेवणे एवढेच काम द्यावे. तुकडीत मुली व सुना अवश्य असाव्यात. दुपारी पुरुष रानात असताना घरच्या आगीशी पहिली गाठ त्यांचीच पडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या महिन्यात स्वतः उपस्थित राहावे. पुढे तुकडीने आपला नायक निवडावा आणि बादल्या, गोणपाट, विळे व दोर एकाच ठिकाणी, सर्वांस ठाऊक असलेल्या जागी ठेवावेत. त्यांस दुसऱ्या कामासाठी कोणी हात लावू नये.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहात तुकडीने गावासमोर आपले प्रात्यक्षिक करावे आणि वहीतील पहिला वेळ व आजचा वेळ वाचून दाखवावा. त्या दोन आकड्यांतील फरक म्हणजेच गावाने कमावलेली मिनिटे होत.