विश्लेषण : जप्त झालेली पेन्शन बँकेकडून परत कशी मिळवायची?

थकीत कर्जाच्या दाव्यात न्यायालयाचा जप्ती आदेश आला की बँक खाते गोठवते. त्यात पेन्शन अडकली तर? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जप्त करता येत नाही. ‘खात्यात आली की ती साधी रक्कम’ हा युक्तिवादही टिकत नाही. मुदत ठेवीत ठेवली तरी ती पेन्शनच, असे सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात २००८ मध्ये स्पष्ट केले.

मात्र शाखेत हुज्जत घालून उपयोग नाही. पीपीओ आणि खातेउतारा जोडून जप्तीचा आदेश देणाऱ्या न्यायालयातच अर्ज करावा लागतो. रक्कम मोकळी करण्याचा आदेश मिळूनही बँक टोलवाटोलवी करत असेल, तर आदेशाची प्रमाणित प्रत लेखी अर्जासोबत द्यावी आणि पोच घ्यावीच. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.